आतल्या बाजूने

ऑक्टोबरचा शेवट. काइनूमध्ये
तळ्याच्या कडेकडेने काचेची साय धरली होती
आणि हिल्क्काच्या उत्तरेकडच्या खोलीत
मी पहारीने एकेक फळी सोडवत होतो.
पाचवी निघाली, आणि वास आला.
तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा म्हणा,
ओल्या लोकरी मोज्यांचा म्हणा.

पाणी कुठेतरी मुरतंय, असं ती तीन वर्षं म्हणत होती.
छपरावर माणूस चढवून झाला,
पन्हळी बदलल्या, पायाशी चर खणला.
पाऊस निर्दोष सुटला.
मी भिंतीतला कापूस मुठीत पिळला.
मनगटावरून ओघळलं ते पाणी
बाहेरून आलेलंच नव्हतं.

माणसं झोपतात, श्वास सोडतात,
बटाटे उकडतात, मोजे वाळतात,
सौनातून आलेली पोरं केस पुसत बसतात.
ही सगळी वाफ हिवाळाभर बाहेर पडायला बघते
फळीच्या फटीतून, स्विचमागच्या भोकातून,
आणि उणे तीसच्या उंबऱ्याशी पोचली की
तिचं अवसान गळतं, पाणी होतं.
म्हणून पडदा आत. उबेच्या बाजूने.
शिकाऊ पोरांकडून मी हे घोकून घेतो.

रेइनोने तो बाहेरून लावला होता.
जाड प्लास्टिक, दर वितीला खिळा,
कुठे सुरकुती म्हणून नाही.
इतकं नेटकं चुकलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही.
खांबावर त्याची पेन्सिल अजून स्वच्छ:
‘दोनदा मोजलं. १९८१.’
मोजमाप बरोबरच होतं.

टेबलावर मी दोन गुंडाळ्या ठेवल्या.
एक प्लास्टिक. स्वस्त, पारदर्शक, कुणाचं न ऐकणारं.
दुसरा तपकिरी कागद, दुपटीने महाग:
हिवाळ्यात अडवतो, आणि उन्हाळ्यात
भिंतीत काही राहिलंच असेल
तर त्याला घरात परत येऊन वाळू देतो.
(चंदेरीही होता, पण तो सौनासाठी.)

हिल्क्काने चष्मा वर सारला.
प्लास्टिकवर फुंकर घातली. धुकं आलं.
कागदावर घातली. काहीच नाही.
मग खोलीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली,
“शेवटचे दोन हिवाळे तो इथे खोकत होता.
शेगडीवर किटली रात्रंदिवस, डॉक्टरच म्हणाले होते,
वाफेने बरं वाटेल.
म्हणजे ते सगळं ह्या भिंतीत आहे.”

“पाणी आहे, हिल्क्का,” मी म्हणालो.
दुसरं काय म्हणणार?

ती कॉफी ओतायला वळली
तेव्हा तिच्या पाठीला सांगून टाकलं:
त्या प्लास्टिकचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
सतरा वर्षांचा होतो. तो म्हणाला, ताण. मी ताणलं.

“ठाऊक आहे, टाउनो.
गुरुवार होता. वाटाण्याच्या सूपाचे
तीन वाडगे संपवलेस तू.
रेइनो म्हणाला, पोरगं कामाचं आहे,
प्रश्न विचारत नाही.”

कॉफी कडू होती. साखर मी मागितली नाही.

काळे पडलेले खांब दोन दिवसांत कापून काढले.
पेन्सिलवाला तेवढा ठणठणीत निघाला,
तो राहिला.
नवा कापूस भरून मी विचारलं, कुठला लावायचा?
पैशांचं ती बोललीच नाही.
“परत येता येतं म्हणालास ना,
त्यातलं दे.”

सांध्यांना पट्टी, स्विचच्या भोकाला पट्टी,
खिडकीच्या चौकटीशी दुहेरी.
सगळ्यात लांब तुकडा एकट्याला पेलेना.
तिने स्टूल ओढलं, चढली,
अडुसष्ट वर्षांच्या दोन्ही हातांनी टोक धरलं.

“ताण,” मी म्हणालो.

“आधी,” ती म्हणाली, “बाजू बघ.”